दहा वर्षांचा तक्ता

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या जानेवारीत, संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले असतील, खापरखेड्याच्या कॉलनीत नीला गजभियेच्या नावानं अमेरिकेचं पत्र आलं. इतक्या लांबून आलेलं पत्र पोस्टमननं उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. ते घरच्या कर्त्या माणसाच्याच हाती पडावं असं त्याला वाटलं, म्हणून कॉलनीत न जाता तो थेट वीजघराच्या फाटकावर गेला आणि नीलाच्या वडिलांना, देवरावांना, बाहेर बोलावून घेतलं. देवराव कोळशाच्या यार्डात होते. हात काळे म्हणून त्यांनी ते पत्र रुमालात गुंडाळायला लावलं आणि पाळी संपेपर्यंत डब्याच्या पिशवीत जपून ठेवलं.

घरी आल्यावर हात-पाय धुऊन त्यांनी रुमाल लेकीपुढे धरला. "घे वं. आलं तुयं."

नीलानं उभ्याउभ्याच पाकीट फोडलं. एकदा वाचलं, परत वाचलं, आणि खाटेवर बसली.

"काय लिवलं?" चुलीपुढून तिच्या आईनं, कौसल्याबाईंनी, विचारलं.

"नाई म्हनते."

बाईंचा हात परातीतच थांबला. लेकीनं पुढं सांगावं म्हणून देवराव वाट पाहत राहिले.

नीला आदल्या वर्षी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. हजारापैकी सहाशे चोवीस गुण, फर्स्ट क्लास, सगळ्या विद्यापीठात दुसरी. पहिला आलेला मुलगा नऊ गुणांनी पुढं गेला म्हणून सुवर्णपदक त्याचं झालं. तरी कॉलनीत देवरावांनी पेढे वाटले ते वाटलेच. तेव्हापासून ती एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागली होती. पण तिचा जीव अडकला होता मिरचीत. कौसल्याबाईंचं माहेर भिवापूरकडचं. मामाच्या वावरात उभं पीक चुरडामुरड्यानं आखडताना तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. पानं वळायची, झाड खुजं व्हायचं, आणि माणसं नुसती बघत राहायची. प्रबंधही तिनं त्याच रोगावर लिहिला होता. तिच्या मार्गदर्शक शोभाताई मॅडमनीच अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं नाव सुचवलं होतं. वनस्पतींच्या अशाच रोगांवर काम करणारे एक प्राध्यापक तिथं होते.

"बाबा, त्यांच्याकडं नव्वदच्या वर ए, ऐंशीच्या वर बी, सत्तरच्या वर सी," नीला म्हणाली. "माझे बासष्ट पॉइंट चार. म्हणजे डी. बीच्या खाली ते कोणालेच घेत नाहीत."

"डी म्हंजे?"

"डी म्हणजे ढ."

देवरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "अन् फर्स्ट क्लास?"

"तो आपल्या इथला, बाबा. तिकडं त्याले कोण पुसते?"

देवराव भिंतीला टेकून बसले. शाळा त्यांची चौथीतच सुटली होती. पण कोणती गोष्ट कुठं अडली आहे हे शोधायची सवय त्यांना यार्डातल्या कामानं लावली होती. "म्हंजे तू नापास नाई झाली," ते सावकाश म्हणाले. "त्याहिले आपली रीत समजून नाई राहिली. तं समजावून द्या लागन."

"कोण समजावून देईल?"

"ज्यानं मार्क देल्ले, त्यानं. दुसरा कोन देईन?"

नीलानं पत्र पुन्हा उघडलं. रागाच्या भरात शेवटचं वाक्य तिच्या नजरेतून निसटलं होतं. तुमच्या विद्यापीठाकडून गुणदानाच्या पद्धतीविषयी काही अधिकृत खुलासा पंधरा मार्चपर्यंत आला, तर अर्जाचा फेरविचार होऊ शकेल, असं त्यात लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी शोभाताई मॅडमनी पत्र वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी शिफारशीत लिहिलंच होतं गं, की माझ्या हाताखालच्या उत्तम विद्यार्थ्यांपैकी एक म्हणून. पण शिफारशीत सगळेच तसं लिहितात. हे काम माझ्या सहीचं नाही, कचेरीच्या शिक्क्याचं आहे. तू तिकडेच जा."

नीला विद्यापीठाच्या नागपुरातल्या कचेरीत गेली. एका खिडकीवर सांगितलं, गुणपत्रिकेची दुसरी प्रत हवी असेल तर अर्ज भरा. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, पहिल्या नंबराचा दाखला मिळतो, दुसऱ्याचा देण्याची पद्धत नाही. तिसऱ्या खिडकीवरच्या माणसानं तिचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि आतल्या खोलीकडं बोट केलं. "डबीरांना विचारून पाहा. पण ते हो म्हणतील असं नाही."

गिरिधर डबीर निकाल विभागाचे मुख्य कारकून होते. पन्नाशी उलटलेले, अंगावर बंद गळ्याचा कोट, टेबलावर एक कागद वाकडा नाही. 'डबीर म्हणजे नियम' असं सगळी कचेरी म्हणायची, आणि तेही कौतुकानं नव्हे. नीलानं पत्र पुढं केलं. त्यांनी ते खालपासून वरपर्यंत आणि मग वरपासून खालपर्यंत वाचलं.

"नाव?"

"नीला देवराव गजभिये."

"राहता कुठं?"

हा प्रश्न नीलानं बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकला होता. आडनाव ऐकल्यावर वस्ती विचारणारी माणसं तिला ठाऊक होती, आणि उत्तर ऐकल्यावर त्यांचा आवाज कसा बदलतो तेही. तिनं मान ताठ केली. "खापरखेडा. वीजघराची कॉलनी."

"बस किती वाजता असते?"

तिला आधी कळलंच नाही.

"परत जायची बस," डबीर म्हणाले. "हे काम एका दिवसाचं नाही. पाचनंतर थांबावं लागलं तर तुमची पंचाईत व्हायला नको, म्हणून विचारतो."

"सव्वासहाची आहे," नीला म्हणाली. आपण उगाच ताठरलो याची तिला लाज वाटली आणि त्याच क्षणी मनातून काहीतरी मोकळंही झालं.

"दाखला मी देऊ शकत नाही," डबीर म्हणाले. "दुसऱ्या नंबराच्या दाखल्याची तरतूद नाही. पण निकाल छापलेला असतो. तो जाहीर आहे. जाहीर निकालाची नक्कल कोणीही मागू शकतं आणि ती खरी आहे असं आम्ही लिहून देऊ शकतो. आता एका वर्षाच्या निकालावरून त्या लोकांना काय कळणार? ते म्हणतील, त्या वर्षी पोरंच कच्ची होती. दहा वर्षांचे निकाल काढू. किती बसले, किती पास झाले, फर्स्ट क्लास किती, सगळ्यात जास्त गुण किती. चालेल?"

"मी काय करू?"

"तुम्ही आकडे वाचायचे, मी लिहायचे. मग मी वाचायचे, तुम्ही ताडायचे. दोनदा झाल्याशिवाय आकडा खरा धरत नाही मी."

त्या दिवसापासून कॉलेजातलं प्रॅक्टिकल आटोपलं की नीला तिथं यायची. डबीर स्वतः शिडीवर चढून कपाटावरचे गठ्ठे उतरवत, फडक्यानं धूळ झटकत. लाल कापडात बांधलेल्या त्या जाडजूड रजिस्टरांना वाळवीच्या औषधाचा वास यायचा. कचेरीचं रोजचं काम सांभाळून दोघं साडेचारपासून तासभर बसत. ती वाचायची, ते लिहायचे. साडेपाच झाले की डबीर घड्याळाकडं न बघताच म्हणत, "चला, तुमची बस."

आकडे जसजसे उतरू लागले तसतसं नीलाला नवल वाटू लागलं. चौसष्ट साली साठ मुलं बसली, फर्स्ट क्लास दोन. पासष्टला त्रेपन्न, फर्स्ट क्लास एक. एका वर्षी तर एकही नाही. सत्तर टक्क्यांना तोवर कोणी शिवलंच नव्हतं. सगळ्यात वर सहाशे एक्काहत्तर. आपले गुण चांगले आहेत हे तिला ठाऊक होतं, पण किती चांगले ते तिनं आजवर पाहिलंच नव्हतं.

सदुसष्टचा गठ्ठा कपाटामागे पडला होता, तो सगळ्यांत शेवटी निघाला.

त्या वर्षी चौदा जणांना फर्स्ट क्लास होता. नीलाला वाटलं आपली ओळ चुकली. पुन्हा वाचलं. चौदाच. बाकीच्या नऊ वर्षांत मिळून सत्तावीस आणि या एका वर्षात चौदा! त्यातले पाच जण तिच्या पुढे होते. ते साल धरलं नाही, तर दहा वर्षांत तिच्या वर फक्त सहा माणसं. धरलं, तर अकरा.

"असं काहून झालं?" घरचा शब्द तिच्या तोंडून निसटला.

"पेपर सोपे असतील. परीक्षक सढळ असतील. मुलंही हुशार असतील. रजिस्टरात कारण लिहीत नाहीत."

नीलानं थोडं थांबून धीर केला. "आपण अडुसष्टपासून घेतलं तर? पाचच वर्षं. पाचसुद्धा पुष्कळ झाली ना?"

डबीरांनी टाक दौतीशेजारी ठेवला. ते रागावतील असं तिला वाटलं. पण ते रागावले नाहीत.

"घेता येईल," ते म्हणाले. "नियमात बसतं. पण तुम्हाला आणि मला माहीत राहील की पाच का घेतली. मग तो तक्ता तुमच्या बाजूनं साक्ष द्यायला उभा राहील खरा, पण खालमानेनं. आहे ते सगळं जाऊ द्या."

"त्यांना वाटलं, की यांच्याकडं कधीकधी असाच सढळ हात असतो, तर?"

"वाटू द्या. ती माणसं वाचणारी आहेत."

नीलानं खाली बघून आकडा वाचला. "सदुसष्ट. बसले एकाहत्तर. फर्स्ट क्लास चौदा." डबीरांनी तो लिहिला, इतर आकड्यांएवढाच, त्याच अक्षरात.

बसमध्ये तिला डबीरांचा थोडा राग आला. सगळा जन्म कपाटांमध्ये घालवलेल्या माणसाचं काय जातं, असं मनात आलं. घरी आल्यावर तिनं वडिलांना सांगितलं. देवरावांनी ऐकलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "खोट लपवून माल पाठवला अन् त्याहिनं तिकडं गठ्ठा सोडून पाह्यला, तं? मानूस बरोबर सांगून राह्यला, नीले." एवढं बोलून ते जेवू लागले. नीलाचा राग भाकरीबरोबर उतरला.

फेब्रुवारीच्या अखेरीस तक्ता तयार झाला. दहा वर्षांत बसलेले सहाशे अडतीस, फर्स्ट क्लास एक्केचाळीस. नीलाच्या वर्षी त्रेसष्टांपैकी तीन, त्यात ती दुसरी. आणि दहा वर्षांच्या सहाशे अडतीसांत बारावी. टायपिस्ट रुपरावांनी एकही खाडाखोड न करता तो टाइप करून दिला. सोबतचं पत्र डबीरांनी इंग्रजीत स्वतः लिहिलं. नीलाची इच्छा होती की शेवटी एक ओळ टाकावी, इथले बासष्ट म्हणजे तिथला ए. डबीर नको म्हणाले. "त्यांचा ए काय असतो ते त्यांना ठाऊक. आपण आपली रांग दाखवायची आणि तुम्ही रांगेत कुठं उभ्या आहात ते दाखवायचं. ए का बी, ते त्यांनी ठरवावं."

राहिली सही. डबीर कागद घेऊन रजिस्ट्रार साहेबांच्या खोलीत गेले. नीला दाराबाहेर बाकावर बसली होती. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"असं काही देण्याची पद्धत आहे का, डबीर?"

"नाही, साहेब. मनाई पण नाही. मी तिन्ही नियमपुस्तकं पाहिली."

"उद्या सगळे मागायला येतील."

"येऊ द्या, साहेब. आकडे आपलेच आहेत. आपणच नाही सांगितले तर बाहेरच्यांना कसे कळणार? मुलीनं दोन वर्षं मेहनत केली, आपण तिला वरचा वर्ग दिला, आणि तिकडे तो शेवटचा झाला. यात मुलीचा काही दोष नाही."

कागद उलटल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "दहा वर्षांत सत्तर टक्के एकालाही नाहीत? हे मलासुद्धा माहीत नव्हतं हो." आणि टेबलावर शिक्का आपटल्याचा आवाज झाला.

पाकीट एक मार्चला रजिस्टर्ड टपालानं गेलं. त्यानंतर कौसल्याबाई दुपारी दाराशी बसून गहू निवडत. गहू संपले तरी दाराशीच बसत. पोस्टमन दिसला की लांबूनच तो हात हलवून 'नाही' सांगायचा.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र त्यानं हात हलवला नाही. तो सायकल दामटत आला आणि या वेळी त्यानं पाकीट नीलाच्याच हातात दिलं.

प्रवेश मिळाला होता. विद्यापीठातच संशोधनाचं काम आणि त्यावर निर्वाहाची सोयही झाली होती. पत्राच्या खाली त्या प्राध्यापकांनी शाईनं चार ओळी लिहिल्या होत्या. 'आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक दाखल्यांत अर्जदार फार मोठा असल्याचं लिहिलेलं असतं. तुमच्या विद्यापीठानं कोणतंही विशेषण न वापरता नुसते आकडे पाठवले, आणि तुमच्या विरुद्ध जाणारं वर्षही झाकलं नाही. समितीला तो तक्ता विश्वास ठेवण्याजोगा वाटला. तुमच्या मिरचीच्या झाडांविषयी ऐकायला मी उत्सुक आहे.'

नीलानं ते मराठीत वाचून दाखवलं. कौसल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच उठून डब्यातली मिरची काढायला लागल्या. देवराव म्हणाले, "सोमवारी माही सुट्टी हाय. मी येतो संगं. त्या मानसाले भेटल्याबिगर मले चैन नाई पडनार."

सोमवारी देवराव धुतलेलं धोतर, पांढरा सदरा घालून, मिरचीची पुरचुंडी हातात घेऊन लेकीबरोबर कचेरीत आले. दारातच ते थबकले. या असल्या इमारतीत ते आजवर आत गेले नव्हते. डबीर उठले, पलीकडची खुर्ची ओढून त्यांनी आपल्या टेबलापुढे ठेवली. "बसा, देवरावजी."

देवराव बसले. वाटेनं जुळवून आणलेलं सगळं बोलणं ते विसरले. शेवटी ते म्हणाले, "साहेब, मले लिवनंवाचनं फारसं येत नाई. छप्पन साली दीक्षाभूमीच्या त्या मैदानात हे पोरगी माह्या खांद्यावर होती. सहा वर्साची. तेव्हाच ठरवलं का इले शिकवीन. शिकवलं. पन शिकवल्यावर जे मोजमाप लागते, ते माह्या हातात नोयतं. ते तुमी केलं."

डबीर अवघडले. त्यांनी उगाच एक कागद सरळ केला. "मी काय केलं? होतं तेच लिहिलं. आणि अर्धं काम तर यांनीच केलं."

"होतं तेच लिवनारे किती असते, साहेब?"

देवरावांनी पुरचुंडी पुढे केली. मिरची घ्यायला डबीर तयार नव्हते. कचेरीत काही घेत नाही, म्हणाले. देवरावांनी पुरचुंडी परत पिशवीत ठेवली, जराही वाईट वाटून न घेता. "मंग घरी आनून देतो. घर कुठं हाय ते सांगा." आणि डबीर, ज्यांना कचेरीत कोणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, चक्क हसले आणि कागदाच्या चिठोऱ्यावर पत्ता लिहून दिला. त्या रविवारी दोघं म्हातारे डबीरांच्या ओसरीत बसून दोन तास बोलले. काय बोलले, ते नीलाला दोघांपैकी कोणी कधी सांगितलं नाही. डबीरांच्या घरी त्या मिरचीचा ठेचा झाला आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, एवढं मात्र तिला कळलं.

जायला ऑगस्ट उजाडणार होता. मे महिन्यात नीला पासपोर्टच्या कामासाठी एका कागदावर शिक्का घ्यायला कचेरीत गेली, तेव्हा डबीरांच्या टेबलापुढे एक मुलगा उभा होता. कुहीकडचा, बळीराम नावाचा, रसायनशास्त्रात अठ्ठावन्न टक्के. त्याच्या हातात तसंच एक पत्र होतं, कॅनडाचं. त्यानं कुठूनतरी तक्त्याची गोष्ट ऐकली होती.

"रसायनाची रजिस्टरं जास्त आहेत," डबीर त्याला सांगत होते. "वर्षाला दीडशे-दोनशे मुलं बसतात. मला एकट्याला वेळ लागेल. जूनपर्यंत होईल की नाही, सांगता येत नाही."

त्या मुलाचा चेहरा नीलाला ओळखीचा वाटला. जानेवारीत खाटेवर बसलेली ती स्वतः अशीच दिसली असणार. तिनं कागद पिशवीत ठेवला.

"मला सुट्टी आहे," ती म्हणाली. "कॉलेज बंद आहे. मी रोज येऊ शकते."

"तुमची जायची तयारी?"

"होईल ती. दोन लुगडी अन् चार पुस्तकं, त्याले किती वेळ लागते?"

डबीरांनी तिच्याकडं पाहिलं. मग ते शिडीवर चढले. नागपूरचा मे बाहेर भाजत होता. खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या टट्टीवर शिपाई पाणी मारून गेला आणि खोलीत ओला, गार वास पसरला. लाल कापडाचा पहिला गठ्ठा टेबलावर आला. बळीरामला कुठं उभं राहावं ते कळेना, तेव्हा नीलानं त्याच्यासाठी बाक ओढला.

"आधी मी वाचते," तिनं त्याला सांगितलं. "मग हे वाचतील, आणि तू ताडायचं. दोनदा झाल्याशिवाय आकडा खरा धरायचा नाही."

आणि तिनं रजिस्टर उघडून पहिला बैठक क्रमांक वाचला.